पिग्मॅलियन प्रयोग: शिक्षकांचा पूर्वग्रह खरंच इतका बलवान असतो का?

प्रश्न
बी.एड.ला रोझेन्थाल-जेकबसनचा 1968चा प्रयोग (हाच ‘पिग्मॅलियन’ प्रयोग) हमखास शिकवावा लागतो. शिक्षकांना काही मुलांची नावं देऊन ‘ही यंदा झेप घेतील’ असं सांगितलं. नावं प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढलेली. वर्षअखेर त्या मुलांचा बुद्ध्यांक जास्त वाढला. त्यावरून ‘शिक्षक जसं बघेल तसं मूल घडतं’ असं ठोकून दिलं जातं. आकडे एवढं बोलतात का?

प्रतिसाद 1
नाही बोलत. निवडलेल्या मुलांची सरासरी वाढ 12.2, बाकीच्यांची 8.4. फरक चारेक गुणांचा, तोही मुख्यतः पहिली-दुसरीतला: पहिलीत 27.4 विरुद्ध 12, दुसरीत 16.5 विरुद्ध 7. पाचवी-सहावीत तर काहीच नाही.

त्यात पहिलीचं मोजमापच डळमळीत. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकनं तेव्हाच बोट ठेवलं होतं: एका वर्गातल्या 19 मुलांचा तर्काच्या उपचाचणीतला सुरुवातीचा सरासरी बुद्ध्यांक 31 निघाला होता! रोज शाळेत येऊन शिकणारी मुलं ही. असा आकडा आला की मुलांना नव्हे, चाचणीला तपासायचं. इतक्या तळाचे गुण पुढच्या वेळी तसेही वर येतात.

प्रतिसाद 2
संशोधक रॉडेनबुशनं 1984 मध्ये असे 18 प्रयोग एकत्र तपासले. शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून जास्त ओळखत असेल, तर खोट्या माहितीचा परिणाम जवळपास शून्य. म्हणजे मूल समोर दिसायला लागलं की शिक्षक कानावर आलेल्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवतो. मला हा निष्कर्ष मूळ प्रयोगाहून मोलाचा वाटतो.

आणखी एक गल्लत होते. शिक्षकाचा अंदाज आणि पुढचे गुण जुळले, की लगेच ‘अपेक्षेनं घडवलं’ म्हणतात. अंदाज मुळात बरोबरही असू शकतो ना! म्हणून मागचे गुण, मेहनत, आवड यांचा वाटा आधी वजा करायचा. मानसशास्त्रज्ञ ली जस्सिम यांच्या मांडणीत त्यानंतर उरणारा परिणाम साधारण 0.1 ते 0.2 इतकाच (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण).

प्रतिसाद 3
पण सरासरीवर थांबू नका. जस्सिम, एकल्स आणि मेडन यांच्या 1996च्या अमेरिकेतल्या अभ्यासात गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांवर हा परिणाम बराच मोठा दिसला. ‘पूर्वग्रह नगण्य’ असं शिकवलंत तर नेमकी हीच मुलं नजरेआड होतील.

प्रतिसाद 1
मान्य. म्हणून फळ्यावर एक सरासरी लिहू नका, इयत्तावार तक्ता काढा. शेजारी रॉडेनबुशचे दोन आठवडे आणि 1996चे गट मांडा.