बौद्धिक अक्षमता असलेल्या दोषीला शिक्षा ठरवताना न्यायालय काय पाहते?

प्रश्न (विधी शाखेची विद्यार्थिनी): मनोविकलतेमुळे आपल्या कृत्याचे स्वरूपच कळत नसेल, तर ते कृत्य गुन्हा ठरत नाही, असे भारतीय न्याय संहितेचे कलम २२ सांगते. परंतु आपण मारले एवढे ज्याला कळते, पण पुढचा विचार करणे किंवा दुसऱ्याच्या दडपणाला नकार देणे ज्याला लहानपणापासून जमलेले नाही, असा माणूस खुनात दोषी ठरला तर शिक्षेत याचा विचार होतो का?

उत्तर १: होतो. फाशी केव्हा द्यावी हे ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयातील बच्चन सिंग खटल्यात वकील डॉ. चितळे यांनी सुचवलेल्या आणि १९८० च्या निकालात महत्त्वाच्या मानल्या गेलेल्या सौम्यकारक (शिक्षा कमी करण्यास आधार देणाऱ्या) बाबींपैकी एक हीच आहे, की मनाच्या दोषामुळे आपल्या वर्तनाची गुन्हेगारी समजण्याची आरोपीची क्षमता खालावलेली होती. त्यामुळे कलम २२ चा बचाव फसला, तरी फाशी टाळण्यासाठी हा मुद्दा मांडता येतो. मात्र मनोविकार आणि बौद्धिक अक्षमता, म्हणजे लहानपणापासूनची आकलनाची मर्यादा, यांची गल्लत करू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मानसिक आजाराच्या व्याख्येतून ही अक्षमता स्पष्टपणे वगळली आहे. महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फाशी रद्द केली, ती शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मनोविकारामुळे, म्हणून तो निकाल येथे थेट लागू पडत नाही.

उत्तर २: अमेरिकेत तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या ॲटकिन्स निकालाने बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना फाशी देणे घटनाबाह्य ठरवले. त्यातील एक कारण मला फार मोलाचे वाटते: असा आरोपी खोटी कबुली देऊन बसतो, आपल्या वकिलाला धड मदत करू शकत नाही आणि त्याचा निर्विकार चेहरा पाहून त्याला पश्चात्तापच नाही, असा समज होऊ शकतो. पुढे फ्लोरिडाने बुद्ध्यंक ७० ही पक्की रेघ मानली, तेव्हा २०१४ च्या हॉल निकालाने चाचणीचा गुणांक थोडा मागेपुढे असू शकतो हे लक्षात घेऊन, थोड्या वरच्या गुणांकाच्या आरोपीलाही इतर पुरावा मांडण्याची संधी दिली.

प्रश्नकर्ती: मग आपल्याकडे असा पुरावा आणायचा कोठून?

उत्तर १: मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या २०२२ च्या निकालानुसार, फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात आरोपीचे मानसशास्त्रीय मूल्यमापन सरकारने सत्र न्यायालयापुढेच ठेवले पाहिजे. तरीही वकिलाने स्वतः गावी जावे, शाळेचे दाखले काढावेत आणि त्याला सुटे पैसे मोजता येत होते का, एकट्याने एसटीने प्रवास जमत होता का, हे त्याच्या आईला विचारावे; रोजच्या व्यवहारातील अशा अडचणीही या अक्षमतेचा पुरावा असतात.