ग्लॉकला बाहेर सेफ्टीचा खटका नाही, मग खाली पडल्यावर गोळी का सुटत नाही?

शंकासूर: ग्लॉक १७ पिस्तुलाला अंगठ्याने लावायची सेफ्टी नाही, मागे घोडाही (हॅमर) दिसत नाही. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या पोकळीत) काडतूस असताना पिस्तूल काँक्रीटवर आपटलं तर फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आदळणारी सुई, नेमकी कशाने अडते? ‘आत तीन सेफ्ट्या आहेत’ एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं. कोणती कधी कामाला येते? आणि स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) ओढली की पिनची स्प्रिंग पूर्ण दबते का?

तासकानस: पूर्ण दबत नाही. स्लाइड पुढे येताना पिनचा दात ट्रिगर बारच्या (ट्रिगरला जोडलेल्या पट्टीच्या) मागच्या पात्याला अडकतो आणि स्प्रिंग अर्धवट दबते. उरलेला दाब ट्रिगर ओढताना बोटाने येतो.

आता पडण्याचं. पिस्तूल नळीच्या तोंडावर आपटलं की सांगाडा थांबतो, पण पिन स्वतःच्या वजनाने पुढे जाऊ पाहते. तिच्या वाटेत स्लाइडमध्ये एक उभी खुंटी असते, स्प्रिंगने खाली दाबलेली. ट्रिगर बरंचसं मागे आलं की बारचा वर आलेला कोंब तिला उचलतो, तेव्हाच पिनला वाट मिळते.

मागच्या टोकावर पडलं तर उलटं होतं: ट्रिगरच स्वतःच्या वजनाने मागे सरकू पाहतं. त्याच्या मधोमध जी जीभ आहे ती याचसाठी. ती दाबली नाही तर तिचं मागचं टोक फ्रेमला अडतं.

तिसरी सेफ्टी बारच्या मागच्या टोकाला आहे. ते टोक क्रॉसच्या आकाराचं. त्याची आडवी बाजू हाउसिंगमधल्या (फ्रेमच्या मागच्या भागात बसलेल्या ट्रिगरच्या खोक्यातल्या) कट्ट्यावर टेकलेली असते, त्यामुळे हादऱ्याने बार खाली घसरून पिन सुटत नाही. ट्रिगर ओढल्यावर ती कट्ट्याच्या कडेपलीकडे जाते, कनेक्टर नावाच्या छोट्या पत्र्याचा उतार बारला खाली ढकलतो आणि पिन सुटते.

शंकासूर: म्हणजे तिन्ही कुलपांची किल्ली एकच, ट्रिगर?

तासकानस: हो. म्हणून होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) घालताना जॅकेटची दोरी किंवा शर्टाचं टोक ट्रिगर गार्डमध्ये गेलं, तर तिन्ही सेफ्ट्या नियमाप्रमाणे उघडतात. कापड जीभसुद्धा दाबतं. ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर हवंच. मऊ कापडी नको.

निशाणी: ट्रिगरच्या तुकड्याचं स्वतःचं वजन किती महत्त्वाचं, ते सिग सावर कंपनीच्या पी३२० पिस्तुलावरून कळतं. त्याच्या ट्रिगरला अशी जीभ नव्हती. विशिष्ट कोनात मागच्या बाजूवर पडल्यावर गोळी सुटते, असं २०१७ मध्ये चाचण्यांत दिसलं. त्याच वर्षी कंपनीने ऐच्छिक सुधारणा जाहीर केली: हलकं ट्रिगर, हलके सिअर (पिन अडवून धरणारा तुकडा) आणि स्ट्रायकर (तिथली फायरिंग पिन), शिवाय यांत्रिक डिसकनेक्टर (ट्रिगर आणि सिअरचा संबंध तोडणारा भाग).

तपासणीबद्दल. आधी मॅगझिन काढा, *मग* स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने बघा. क्रम उलटला तर मॅगझिनमधलं काडतूस चेंबरमध्ये जातं, आणि ग्लॉकचे भाग सुटे करताना ट्रिगर ओढावंच लागतं. अपघात इथेच होतात.

स्लाइड वेगळी केल्यावर पिनचा दात मागे ओढून हळू पुढे आणा, खुंटीला टेकेपर्यंत. आता पुढे रेटलं तरी ब्रीचच्या (काडतुसाच्या बुडाला टेकणाऱ्या स्लाइडच्या भागाच्या) भोकातून टोक बाहेर येता कामा नये. मग खुंटी बोटाने दाबा. पिन पुढेमागे मोकळी सरकली पाहिजे. टोक बाहेर आलं किंवा खुंटी दाबून सोडल्यावर चटकन परतली नाही, तर पिस्तूल आर्मोररकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या, स्वतः घासाघीस नको.

आणि पिनच्या नळीत तेल अजिबात नको. तेलात जळकी दारू आणि पितळेचा कीस साचून चिखल होतो. मग पिन प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या पेटणाऱ्या टोपीवर) हलकी आदळते, काडतूस फुटत नाही.