बेन सर्किट (भुलीच्या मशीनपासून पेशंटपर्यंत गॅस नेणारी नळ्यांची जोडणी) रोज कसं तपासता? आणि मेपलसन ए-डीचा (अशा सर्किटांच्या प्रकारांचा) गोंधळ. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नाशिकरोडला एका छोट्या हॉस्पिटलात ओटी टेक्निशियन आहे. जेमतेम सहा महिने झालेत.

काल पहिली केस घ्यायच्या आधी बेन सर्किट तपासत होतो. पेशंटकडचं टोक तळहाताने दाबून बॅग फुगवली, हात काढला आणि ऑक्सिजन फ्लश (मशीनवरचं जोरात ऑक्सिजन सोडणारं बटण) दाबलं. बॅग चपटी व्हायला हवी होती, पण ती टम्म फुगलेलीच! उजेडात धरून पाहिलं तर ताजा गॅस पेशंटकडे नेणारी आतली बारीक नळी मशीनच्या बाजूने निसटलेली. सर्किट लगेच बदललं. तसंच लावलं असतं तर बाहेरची अख्खी नळी डेड स्पेस झाली असती, पेशंटने स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत ओढला असता. अंगावर काटा आला.

आता प्रश्न. सिरिंजच्या दट्ट्याने आतली नळी क्षणभर बंद करून फ्लोमीटरची बॉबिन (गॅसचा फ्लो दाखवणारा आतला तरंगता तुकडा) खाली जाते का बघतात, ती पद्धत कोण वापरतं? दोन्ही करता की एकच?

दुसरं, बेन म्हणजे मेपलसन डीच, नळीत नळी. पेशंट स्वतः श्वास घेत असेल तर ताज्या गॅसचा फ्लो भरपूर लागतो, आपण बॅग दाबत असू तर किलोमागे मिनिटाला ७० मिली साधारण पुरतो. मॅगिलमध्ये, म्हणजे मेपलसन एमध्ये, नेमकं उलटं. पाठ आहे हो, पण का ते डोक्यात शिरत नाही. मॅगिलमध्ये जादा गॅस बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह पेशंटजवळ असल्यामुळे का? भूलतज्ज्ञ सरांना तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते. कुणी कागदावर आकृती काढून फोटो टाकेल का?