नवा बेस, पहिला सेटअप: घरी की कारागिराकडे?

खर्जातला:
बेस गिटार घेताना दुकानात एक वाक्य ठरलेलं असतं: 'कंपनीतूनच सेट होऊन येतो.' येतो, मान्य. पण तो कारखान्याच्या हवेत सेट झालेला असतो. मग कंटेनरमधून समुद्र ओलांडतो, भिवंडीच्या गोदामात पडून राहतो, दुकानाच्या एसीत टांगला जातो आणि शेवटी आपल्या दमट खोलीत येतो. चार तारांचा मिळून ताण ७०-८० किलोच्या घरात. तो पेलणारा लाकडी नेक (तारांखालची लांब मान) हवेप्रमाणे हलणारच. मुंबईत पाऊस लागल्यावर एकदा आणि सरल्यावर एकदा, असं दोनदा तरी सेटअपचं, म्हणजे नेक, तारांची उंची आणि सूर जुळवायचं काम निघतं. दर वेळी बेस पाठीला लावून लोकलने कारागीर गाठायचा का? माझं मत सरळ आहे, पहिला सेटअपसुद्धा घरीच करावा.

सामान फार लागत नाही. फीलर गेज (स्कूटरचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तेच, नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत मिळतं), अर्ध्या मिमीच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, कॅपो (नेकवर लावून तारा दाबून धरणारा चिमटा), ॲलन की, स्क्रू ड्रायव्हर, ट्यूनर. सगळ्यात जाड ई तारेसाठी फोनच्या माइकवर विसंबू नका. ४१ हर्ट्झचा सूर त्याला धड ऐकू येत नाही, काटा नाचत राहतो. केबल लावा नाहीतर क्लिपवाला ट्यूनर घ्या.

क्रम मोडायचा नाही. आधी ज्या सुरात वाजवणार त्या सुरात तारा लावा. पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) कॅपो लावून ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या डोक्यावर तारेखाली किती फट आहे ते गेजने मोजा. हा रिलीफ, म्हणजे नेकचा पुढचा बाक, ०.३० मिमीच्या आसपास असावा. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने आवळा, कमी असेल तर उलटा. एका वेळी पाव फेरी, त्याहून जास्त नाही. पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा. मग कॅपो काढून सतराव्या फ्रेटवर तारेची उंची बघा: ई साठी २.४ मिमी, सगळ्यात बारीक जी साठी २ मिमी. ती सॅडलच्या (बॉडीवरच्या ब्रिजमधला, तार टेकते तो तुकडा) स्क्रूंनी जुळवायची. त्यानंतर पिकअपची (तारांखालचे चुंबक, जे आवाज अँपकडे पाठवतात) उंची आणि सगळ्यात शेवटी इंटोनेशन, म्हणजे सॅडल मागेपुढे करून प्रत्येक फ्रेटवरचा सूर खरा लावणं.

हे सगळं बेस मांडीवर, वाजवायच्या स्थितीत धरून मोजा. गादीवर आडवा ठेवला की नेक स्वतःच्या वजनाने थोडा वाकतो आणि आकडा फसवतो.

चौथी तार:
क्रम बरोबर आहे, निष्कर्ष नाही. तुमच्या यादीत नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा बसतात ती खाचांची पट्टी) कुठे आहे? फ्रेट कुठे आहेत?

स्वस्त आणि मधल्या किमतीच्या बेसवर नटच्या खाचा बहुतेक वेळा उंच ठेवलेल्या असतात. कारखान्याच्या दृष्टीने ते सुरक्षित असतं, कारण उंच खाचेमुळे खरखर होत नाही. पण तार उंच असली की पहिल्या फ्रेटवर दाबताना जास्त ताणली जाते आणि तिथला एफ चढा लागतो. बाराव्या फ्रेटवर तुम्ही इंटोनेशन कितीही घासूनपुसून लावा, पहिले तीन फ्रेट बेसुरेच राहणार. आणि बेसवाल्याचा अर्धा संसार त्याच तीन फ्रेटवर चालतो.

नट घासायला प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते. सुईसारख्या साध्या कानशीने खाच खालून चिंचोळी होते, तार अडकते आणि सूर लावताना 'टक' करून एकदम उडी मारते. एक घासा जास्त झाला की मोकळी तार खरखरते, मग नवा नट. पहिला सेटअप म्हणजे हेच काम, आणि ते एकदाच करावं लागतं. ते कारागिराकडून करून घ्या. पुढचे ऋतुमानाचे फेरफार घरी करा, त्याला माझी हरकत नाही.

खर्जातला:
नटबद्दल मान्य, कानस घरात नकोच. पण नट उंच आहे हे मोजल्याशिवाय कसं कळणार? तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर फट बघा. साधा कागद सहज सरकला तर ठीक. व्हिजिटिंग कार्डही सहज जात असेल, तर खाच उंच आहे. ही तपासणी दोन मिनिटांची. ती न करता बेस उचलून दुकान गाठणं म्हणजे ताप न मोजताच इस्पितळात भरती होणं.

ठाणे फास्ट:
दोघंही घाईत आहात. खोकं उघडल्या दिवशी ट्रस रॉडला कोणीच हात लावू नये, कारागिरानेसुद्धा. बेस ज्या खोलीत राहणार तिथे आठवडाभर बॅगेबाहेर ठेवा, रोज वाजवा, मगच मोजा. दिवसभर एसी आणि रात्री उघडी खिडकी असं असेल तर आधी तेच ठरवा, नाहीतर आज लावलेला रिलीफ परवा बदलेल. जुलै-ऑगस्टमध्ये तर लाकूड हवेतला ओलावा पितच असतं. आणि पावसाळ्यात नेक पुढे वाकतो, म्हणून रॉड आवळायचा हे धरूनच चाला.

पितळी सॅडल:
आठवडा थांबायचं ते पटलं. शेवटचं वाक्य मात्र धोक्याचं आहे. रोझवूडच्या फिंगरबोर्डला (नेकची तारांकडची पट्टी) सहसा पॉलिश नसतं, नेकच्या मागच्या मेपलला लॅकर असतं. ओलावा पुढून शिरतो, पुढची बाजू फुगते आणि नेक उलट मागे झुकू शकतो. म्हणजे रिलीफ कमी, आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर. अशा नेकचा रॉड 'पावसाळा आहे' म्हणून आवळलात तर दुखणं वाढवलंत. मेपलच्या बोर्डाला पुढूनही लॅकर असेल किंवा आत ग्रॅफाइटच्या पट्ट्या असतील तर वागणं आणखी वेगळं. म्हणून ऋतू बघून की फिरवायची नाही, गेज बघून फिरवायची.

एक जाताजाता. एसीच्या जॅमरूममधून बाहेर पडलात की घरी आल्याआल्या बॅग उघडू नका. थंड पिकअपवर, ब्रिजवर आणि तारांवर दव धरतं. अर्धा तास बॅग बंदच राहू दे.

अर्धा सूर:
नवशिक्याने घरी रॉड फिरवू नये असं मला वाटतं, आणि त्याचं कारण लाकूड नाही, की आहे. काही बेसना ३/१६ इंचाची की लागते, म्हणजे ४.७६ मिमी. आपल्याकडच्या सेटमध्ये मिमीच्या किल्ल्या. पाचची आत जात नाही, साडेचारची जाते आणि फिरते. दोन-तीनदा फिरली की रॉडच्या टोकाच्या नटचे (तारांचा नट नव्हे) आतले कोपरे गोल होतात आणि मग कोणतीच की धरत नाही. ते काम कारागिरालाही डोकेदुखी, नव्या बेसची वॉरंटी गेली ती वेगळीच. खोक्यात आलेली की असेल तर फक्त तीच वापरा. घट्ट, शेवटपर्यंत बसली नाही तर थांबा.

शिवाय रॉडचं तोंड कुठे आहे ते आधी बघा. हेडस्टॉकला (खुंट्या असतात ते डोकं) असेल तर सोपं. नेकच्या बॉडीकडच्या टोकाला भोकांचं चाक असेल तर त्याहून सोपं, तारा न काढता सळई घालून फिरतं. पण जुन्या घाटाच्या बेसवर नेकच्या बुडाशी फुलीची खाच असते, तिथे नेक सोडवावा लागतो. ते घरी पहिल्याच दिवशी? नको.

चौथी तार:
नेक सोडवलाच तर परत बसवताना प्रत्येक स्क्रू आधी हळूच उलटा फिरवा. 'टिक' करून जुन्या आट्यात बसला की मग सुलटा. थेट आवळला तर लाकडात नवे आटे पडतात आणि पकड जाते.

आणि खर्जातला, तुमच्या २.४ मिमीवरही बोलायचं आहे. नवी पोरं हे वाचून सॅडल १.५ पर्यंत खाली नेतात. ई तारेचा झोका मोठा असतो, उजवा हात जड असेल तर ती फ्रेटवर आपटणारच. मग दोष फ्रेटना देतात.

खर्जातला:
२.४ ही सुरुवात आहे, शपथ नव्हे. हलक्या बोटांनी वाजवणाऱ्याला २ चालेल, जोरात वाजवणाऱ्याला २.८ लागेल. अँपशिवाय ऐकू येणारी थोडी खरखर अँपमधून येत नसेल तर तिच्यामागे लागू नका.

खरखर कुठे आहे त्यावरून दोष कळतो. फक्त मोकळी तार खरखरली तर नट खोल गेलाय. पहिल्या पाच फ्रेटवर असेल तर रिलीफ कमी. बाराव्याच्या वर असेल तर सॅडल खाली आहेत किंवा नेकचं शेवटचं टोक वर उठलंय. आणि एकाच जागी असेल तर पुढचा फ्रेट उंच आहे. एटीएम कार्डाची कड तीन फ्रेटवर आडवी टेकवा, डुललं तर मधला उंच. इथे मात्र चौथी तार यांचं खरं, ते काम कारागिराचंच.

पितळी सॅडल:
सॅडल पूर्ण तळाला टेकले तरी उंची कमी होत नसेल, तर रॉड पिळू नका, रॉड त्यासाठी नाही. नेकचा कोन चुकलाय. नेकच्या खोबणीत, पिकअपकडच्या टोकाला व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा घातला की नेक मागे कलतो आणि तारा खाली येतात. पाव मिमी जाडी पुष्कळ होते.

पिकअपची उंची किती, ते कोणीच सांगितलं नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंत अंदाजे ३ मिमी ठेवा, जी कडे थोडं कमी. फार जवळ आणलं तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर थरथरतो. मग ट्यूनरचा काटा स्थिर होत नाही आणि माणूस तासभर इंटोनेशनचा स्क्रू फिरवत बसतो.

गिरगाव बेसमेंट:
ज्या जुन्या चाळींच्या वायरिंगला अर्थिंग नाही, तिथे अँप लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट तपासून घ्या. ही शोभेची सूचना नाही, तारांवर हात असतो. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ब्रिजची वायर ठीक आहे. वाढली तर आधी अर्थिंग बघा. जॅझ बेसवर (दोन पिकअपचं एक मॉडेल) दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की गुणगुण जाते, एकच उघडला की येते. तो बिघाड नव्हे. ॲक्टिव्ह बेस (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढा, जॅक आत असेपर्यंत ९ व्होल्टची बॅटरी संपत राहते.

ठाणे फास्ट:
कंपनीच्या तारांवर सेटअप करायचा की आधी नव्या घालायच्या?

अर्धा सूर:
समुद्राच्या हवेत गोदामात पडलेल्या तारा बहुतेक गंजाळलेल्या असतात, नव्या घाला. पण जाडी बघून. कंपनीच्या ४५-१०५ (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) होत्या आणि तुम्ही ४०-१०० घातल्या तर ताण उतरतो, रिलीफ बदलतो, मोजमाप पहिल्यापासून. एकदम चारही काढू नका. खुंटीपुढे १०-१२ सेंमी सोडून तार आधी काटकोनात वाकवा, मगच कापा. सरळ कापली तर वरचे वेढे सैल होतात आणि तार मुकी वाजते. खुंटीवर दोन-तीन वेढे, वरून खाली. शेवटी सॅडलच्या पुढ्यात तार अंगठ्याने हलकी दाबा, तिथे तारेला नीट बाक बसला नाही तर इंटोनेशन लागत नाही.

मुंब्रा लोकल:
हे सगळं केलं. ई तार बाराव्या फ्रेटवर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तार न दाबता, नुसती स्पर्शून काढलेला सूर) अजून चढी आहे, आणि सॅडल मागे जायला जागाच उरली नाही. आता?

खर्जातला:
आधी दाब हलका करा, जोरात दाबल्यानेही सूर चढतो. पिकअप ई कडे अर्धा मिमी खाली घ्या आणि पुन्हा बघा. तरीही चढी असेल तर तार सैल करून सॅडलचा लांब स्क्रू काढा, मागची स्प्रिंग काढून सॅडल तसाच परत बसवा. तीन-चार मिमी जागा मिळते. तारेचा ताणच सॅडल जागेवर धरून ठेवतो. काढलेली स्प्रिंग डबीत टाकून बॅगेत ठेवा, जाडी बदललीत तर परत लागेल.