रात्री दीडला गल्लीत शिरताना कुणाची झोप मोडणार नाही, अशी मोटरसायकल कोणती घ्यावी?

रात्रपाळी:
मी परिचारिका आहे. ड्युटी रात्री एकला संपते, घरी पोचायला दीड होतो. सध्याची गाडी एअर-कूल्ड (हवेने थंड होणारी), सिंगल सिलिंडर, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने कंपनीचा सायलेन्सर काढून मोकळा पाइप बसवला होता. तो मी बदलून घेतला, तरी धडधड काही कमी झाली नाही.

शेजारी एक आजी राहतात. झोप फार सावध. मी कोपऱ्यावर वळले की त्यांच्या खिडकीत दिवा लागतो. आजवर त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण तो दिवा बघून जीव कसनुसा होतो. म्हणून गेले सात-आठ महिने मी कोपऱ्यावरच इंजिन बंद करते आणि तिथून गाडी ढकलत आणते. १९० किलोची गाडी, दीडशे पावलं, आणि शेवटी चढ. दिवसभर उभं राहून आल्यावर तो चढ नको होतो.

महिन्यातून एकदा बहिणीकडे जाते, एका बाजूने ४२० किलोमीटर. पहाटे तीनला निघते. पोचल्यावर कानात शिट्टी वाजत राहते, कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. मागच्या खेपेनंतर ड्युटीवर एका पेशंटचं बीपी घेत होते, तर स्टेथोस्कोपमध्ये पहिला ठोका कुठे सुरू झाला तेच कळेना. कफ सोडून परत फुगवला, तरी नाही. शेवटी मैत्रिणीला घ्यायला सांगितलं. त्या दिवशी मी खरंच घाबरले. माझं काम कानांवर चालतं.

माझी उंची पाच फूट तीन इंच. वेगाचा सोस नाही, ९०–१०० पुरे. शांत गाडी हवी आहे. कुठून सुरुवात करू?

लांबपल्ला:
ताई, आधी कानांचं बघा, गाडीचं मग. तुमच्या कानातली शिट्टी बहुतेक इंजिनाची नाही, वाऱ्याची आहे. साधारण साठ-सत्तरच्या पुढे हेल्मेटमध्ये वाऱ्याचा आवाज इंजिनावर मात करतो, आणि शंभरच्या वेगाला तो १०० डेसिबलच्या घरात सहज जातो. अमेरिकेतली नायॉश ही संस्था कामाच्या जागी ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सांगते, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करते. या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं उरतात. तुम्ही पाच-सहा तास चालवता. जगातली सगळ्यात शांत गाडी घेतलीत तरी ही शिट्टी जाणार नाही.

इअरप्लग घाला. साधे फोमचेसुद्धा चालतील, फक्त नीट बसवायला हवेत: बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला प्लग काही कामाचा नाही. हॉर्न ऐकू येणार नाही ही भीती मलाही होती. उलट वाऱ्याचा गोंगाट उतरला की हॉर्न आणि सायरन वेगळे ओळखू येतात. तुमच्याकडच्या कायद्यात चालतात का, तेवढं बघून घ्या. आणि शिट्टी दुसऱ्या दिवशीही टिकत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवाच. तुम्ही रोज दुसऱ्यांना हेच सांगत असाल.

विंडशील्डचं एक सांगतो, कारण यात मी स्वतः दोन वर्षं घालवली. मोठी काच लावली की शांत होईल असं वाटतं. माझ्या गाडीवर उलट झालं. काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा नेमका हेल्मेटवर येऊन फडफडायचा, आणि आवाज आधीपेक्षा वाढला. रिकामा, सरळ रस्ता बघून फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, जरा उभं राहून बघा. आवाज एकदम स्वच्छ, एकसारखा झाला तर दोष त्या फडफडीचा. मग काच थोडी खाली तरी करायची किंवा चांगली वर तरी, मधली उंची सगळ्यात वाईट. मी शेवटी काच चार बोटं कापून घेतली, तेव्हा कुठे सुटलो.

रात्रपाळी:
हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं. प्लग उद्याच आणते, आमच्याच स्टोअरमध्ये असतात. पण आजींचं काय?

टॅपेट:
आजींसाठी मी लिहितो. गॅरेजमध्ये माझी पंचवीस वर्षं गेली.

तुमच्या सिंगलचं मूळ दुखणं तिच्या फायरिंगमध्ये आहे. फोर-स्ट्रोकचा एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्या) सेकंदाला २५ ठोके. तेवढ्याच फेऱ्यांना ट्विनचे, म्हणजे दोन सिलिंडरचे, ५०, चार सिलिंडरचे १००, सहाचे १५०. ठोके जितके विरळ तितका सूर खालचा, आणि खालचा सूर भिंत-खिडकी सहज पार करतो. म्हणून सायलेन्सर बदलूनही आजींना तुम्ही कळता. त्यात एअर-कूल्ड इंजिनाच्या पात्या स्वतः वाजतात. लिक्विड-कूल्डमध्ये सिलिंडरभोवती पाण्याचं आवरण असतं, ते आतली खडखड बरीच गिळतं.

तेव्हा लिक्विड-कूल्ड, निदान दोन सिलिंडर, आणि कमी फेऱ्यांत ओढणारी गाडी बघा. माझ्या मते तुमच्या कामाची होंडाची एनसी ७५० एक्स. ७४५ सीसीचं ट्विन, सिलिंडर ६२ अंश पुढे झुकवलेले, त्यामुळे वजन खाली राहतं. शंभरला इंजिन जेमतेम तीन-साडेतीन हजारांवर फिरतं. पेट्रोलची टाकी सीटखाली आणि नेहमीच्या टाकीच्या जागी सामानाचा कप्पा. डीसीटी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचीही मिळते, पण न्यूट्रलमधून ड्राइव्हमध्ये टाकताना ती ‘खट्’ करते. शांत गल्लीत तो आवाज लागतो, म्हणून तुम्हाला मी साधी क्लचवाली सांगेन.

चेनऐवजी शाफ्टने (दांड्याने) मागचं चाक फिरवणाऱ्या गाड्या, जसं यामाहाची एफजेआर १३०० किंवा बीएमडब्ल्यूची आरटी, लांबच्या रस्त्याला सोन्यासारख्या. होंडाची गोल्डविंग सहा सिलिंडरची, १८३३ सीसी, चालताना कुजबुजते. पण ती साडेतीनशे किलोच्या वर जाते, आणि तुमच्या त्या चढावर एकदा कलंडली तर एकटीने उचलणं कठीण. चेनला घाबरू नका. वाजते ती सुकलेली किंवा ढिली चेन. हँडबुकमध्ये ढिलाई दिलेली असते तेवढी ठेवा, वंगण द्या, गप्प बसते.

जुनी घेणार असाल तर मालकाला आधीच सांगा, गाडी तापवून ठेवू नका. थंड इंजिन स्वतः सुरू करा. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची, टकटक, सायलेन्सरच्या सांध्यातून येणारी फुसफुस इंजिन थंड असतानाच कळते. सिलिंडरच्या हेडजवळचा (वरच्या भागाजवळचा) सांधा गळत असेल तर तिथे काजळीचा काळा डाग दिसतो, टॉर्च मारून बघा. सायलेन्सरवर मूळ शिक्का आहे का तेही बघा. गाडीवरच्या पट्टीत डेसिबलचा आकडा असतो, पण तो उभ्या गाडीचा, सायलेन्सरपासून अर्ध्या मीटरवर, आणि सहसा सगळ्यात जास्त ताकद मिळते त्याच्या निम्म्या फेऱ्यांवर मोजलेला. दोन गाड्यांच्या फेऱ्या वेगळ्या, म्हणून ते आकडे शेजारी ठेवून निवड करू नका. कानाने निवडा.

आणि पहाटे तीनला निघताना गाडी दारात तापवत उभी करू नका. थंड इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, मुद्दाम जास्त फेऱ्या घेतं. जॅकेट, हेल्मेट, हातमोजे, सगळं आधी घाला, मग स्टार्ट मारून लगेच हळू निघा. पहिले काही किलोमीटर थ्रॉटल जपून.

विजेवर:
इलेक्ट्रिक कुणी सुचवली नाही म्हणून लिहितो. माझी आहे. गल्लीपुरतं याहून शांत काही नाही. पण ४२० किलोमीटरला मी ती तुम्हाला सांगणार नाही. शहरात मिळते त्याच्या जेमतेम निम्मी रेंज हायवेच्या वेगाला उरते, आणि पहाटे चारला अनोळखी चार्जरपाशी एकटीने ताटकळणं मला बरोबर वाटत नाही. चाळीस-पन्नासच्या पुढे टायर आणि वारा तिच्यातही वाजतातच. अंधारात माणसांना आणि कुत्र्यांना ती ऐकू येत नाही, हे मी दोनदा अनुभवलंय. त्यामुळे रात्री मी वीसच्या वर जात नाही. तुमची नवी गाडीही शांत असेल, तेव्हा हे लक्षात असू द्या.

रात्रपाळी:
दीड महिन्याने लिहिते आहे.

प्लग घालून दोनदा बहिणीकडे जाऊन आले. पहिल्यांदा उतरले तेव्हा वाटलं, काहीतरी विसरलं आहे. मग कळलं, शिट्टी नाही. दुसऱ्या दिवशी बीपीचा पहिला ठोका आला तो अगदी स्पष्ट. तरी कानांची तपासणी करून घेतली. उजव्या कानात वरच्या सुरांना किंचित कमी आहे, डाव्यात ठीक. डॉक्टर म्हणाले, प्लगशिवाय गाडीवर बसायचं नाही.

एनसी घेतली, जुनी, साध्या गिअरची. टॅपेटदादा, थंड इंजिनाचा सल्ला फार उपयोगी पडला. आधी बघितलेल्या एका गाडीचा मालक ती तापवूनच उभा होता. दुसऱ्या सकाळी न सांगता लवकर गेले, तर टकटक दारातूनच ऐकू आली. ती सोडली. एनसीची सीट मला जरा उंच होती, बूट जाड तळाचे घेतले, आता दोन्ही पायांचे चवडे टेकतात.

पहिल्या रात्री कोपऱ्यावर इंजिन बंद केलं नाही. तिसऱ्या गिअरमध्ये, थ्रॉटल जवळजवळ सोडून, सरळ दारापर्यंत आले. खिडकीत अंधार होता. मी हेल्मेट काढलं, फाटकाची कडी उचलली, फाटक करकरलं, आणि दिवा लागला.

बिजागऱ्यांना तेल दिलं आहे. आज पुन्हा रात्रपाळी आहे.