मदत हवी आहे: मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा चेन अ‍ॅडजस्टर बोल्ट जाम

घाईगडबड:
चेन ढिली झालीय, ताणायची आहे. डावीकडचा अ‍ॅडजस्टर सहज फिरतो, उजवा जागचा हलत नाही. तेल मारून झालं, पान्याला पाइप लावून झाला. आता डोक्याचे कोपरे घासायला लागलेत. गाडी उद्या लागणार आहे. काय करू, लवकर सांगा.

सव्वा_फेरा:
आधी तो पाइप काढा. मग जरा इस्कटून सांगा. स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा दांडा) लोखंडी की अ‍ॅल्युमिनियमचा? बोल्ट आर्मच्या आत शिरतो, की अ‍ॅक्सलला अडकवलेला आणि मागून नट असलेला आहे? तेल म्हणजे कोणतं, आणि किती वेळ ठेवलं?

तिरका_हातोडा:
एवढ्या चौकश्या कशाला? डोक्यावर पितळी पंच धरा, समोरून पाच-सहा ठोके द्या, मग फिरवा. आट्यांमधला भुसा ठोक्यानेच तडकतो, नुसत्या पान्याने नाही.

घाईगडबड:
अ‍ॅल्युमिनियमचा आर्म. बोल्ट आत शिरतो, डोकं मागे. अ‍ॅक्सलचा नट अर्थातच सोडलाय, एवढं कळतं. डब्ल्यूडी-४० मारून दहा मिनिटं थांबलो. लॉक नट (बोल्ट जागेवर धरून ठेवणारा) अर्धा फेरा फिरला, बोल्ट नाही.

आट्यापाट्या:
लॉक नट एकटाच फिरला हे कशावरून? नट आणि आर्म यांच्यात फट पडून डोक्याकडची फट तेवढीच कमी झाली असेल, तर नट एकटा फिरला. डोक्याकडची फट आहे तेवढीच असेल, तर बोल्टही सोबत आलाय आणि तुमचं अर्धं काम झालंय. मार्करने बोल्टवर, नटवर आणि आर्मवर एक सरळ रेघ मारा म्हणजे अंदाज करावा लागणार नाही.

दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही. शिवाय हा गंज नव्हेच. पोलादी बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यात खारट ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, त्याची पांढरी पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांत ठासून बसते. त्यामुळे गंज विरघळवणारी रसायनं इथे फारशी कामाची नाहीत. चेनच्या बाजूला तेल उडत राहतं म्हणून तो बोल्ट बहुधा वाचतो, दुसरा कोरडा राहतो आणि धरतो.

चिरगुट:
चेन ओ-रिंगवाली असेल तर पेट्रोलने धुऊ नका, कड्यांमधल्या रबरी रिंगा खराब होतात. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे.

तिरका_हातोडा:
@चिरगुट, चेन धुण्याबद्दल कोणी विचारलं?
धागाकर्त्याला: अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळा. त्याच्यापुढे बाजारातले डबे फिके.

आट्यापाट्या:
ते दोन्ही नीट मिसळतच नाहीत. हलवायचं थांबलं की थर वेगळे होतात, अ‍ॅसिटोन उडून जातं आणि जाता जाता आर्मचा रंग घेऊन जातं. त्यात सव्वा_फेरा आता उष्णता द्यायला सांगणारच, तेव्हा भडका.

सव्वा_फेरा:
सांगणारच. पण त्याआधी एक प्रश्न राहिलाय. या प्रकारात चेन ताणायला बोल्ट बाहेर यावा लागतो, म्हणजे घड्याळाच्या उलट. डोकं अ‍ॅक्सलच्या ठोकळ्याला मागे ढकलतं. मागून नट असलेल्या प्रकारात याच्या बरोबर उलट. पाइप कुठल्या दिशेला लावला होता?

घाईगडबड:
...आवळायच्या. आधीच्या गाडीला मागून नट होता.

सव्वा_फेरा:
हरकत नाही, बोल्ट अजून तुटलेला नाही. डावाही आत गेला असेल, तो नंतर बघा.

आता चाक आणि अ‍ॅक्सल पूर्ण काढा, नाहीतर पाना सरळ बसत नाही. मागच्या चाकाला एबीएस सेन्सर असेल तर तोही बाजूला करा. भोक आडवं असल्यामुळे तेल ओघळून जातं, म्हणून बोल्टच्या मुळाशी चिंधी गुंडाळून ती भिजती ठेवा आणि वर प्लास्टिक बांधा. रात्रभर. आर्म पोकळ असून खाली पाणी निचऱ्याचं भोक असेल तर नळीने तिथूनही मारा, कधीकधी बोल्टचं आतलं टोक उघडं असतं.

सकाळी तेल पुसा, पूर्ण सुकू द्या, मग हीट गन. उष्णता आर्मला द्यायची, बोल्टला नाही. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ८ मिमीच्या भोकात १०० अंश वाढीला फरक जेमतेम ९ मायक्रॉन पडतो, पण पूड तडकायला तेवढा पुरतो. सहापैलू गोटी पानाच वापरा, बारापैलू उरलेले कोपरेही खाईल. आधी किंचित आवळा, मग सोडा, पुन्हा आवळा. अष्टमांश फेरा पुरे. कडक झाला की मागे या आणि तेल द्या.

तिरका_हातोडा:
हीट गन कशाला, गॅसची ज्योत दोन मिनिटांत काम करते.

आट्यापाट्या:
आणि आर्मही कामातून घालवते. अ‍ॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही. या मिश्रधातूंची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते, २०० अंशांच्या वर ती उतरायला लागते. १५० च्या आत राहा. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी उष्णता अजिबात नको. क्लोरीनवाला असेल तर विषारी वायू होतो.

चिरगुट:
अवांतर: चाक बसवताना आर्मवरच्या खुणांवर विसंबू नका. आर्मच्या पिव्होटपासून (आर्म जिथे गाडीला जोडलेला असतो तिथून) अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजू मोजा.

तिरका_हातोडा:
हे मात्र कामाचं बोललात.

घाईगडबड:
निघाला! दुसऱ्यांदा गरम केल्यावर करकर करत आला. बोल्टच्या शेवटच्या तीन आट्यांत पांढरं चिकटलंय. भोकात नवा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवू का?

आट्यापाट्या:
बोल्ट एम८ बाय १.२५ (८ मिमी जाड, आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी) आहे ना, ते पिच गेजने, म्हणजे आटे मोजायच्या पट्टीने बघून घ्या. आटे शाबूत असतील तर कापणारा टॅप नको, चांगला धातूही कापला जाईल. जुन्याच मापाच्या बोल्टला लांबीने एक खाच पाडा आणि तो तेल लावून फिरवा, पूड खाचेत येते. चिकटलेले अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे असतील तर आटे गेलेत समजा, मग हेलिकॉइल, म्हणजे भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी. जुना बोल्ट परत घालू नका, पाइपच्या पिळाने ताणला गेलाय.

तिरका_हातोडा:
बसवताना तांब्याचं ग्रीस लावा.

सव्वा_फेरा:
अ‍ॅल्युमिनियममध्ये तांबं? तोच आजार पुन्हा. निकेलवालं लावा.

तिरका_हातोडा:
ग्रीस पाणी अडवतं, पाणी नसेल तर तांबं काय करणार?

सव्वा_फेरा:
मागच्या चाकाजवळ पाणी नाही म्हणता?

घाईगडबड:
घरी साधं लिथियम ग्रीस आहे. चालेल का? चाक बसवायचं आहे.

आट्यापाट्या:
आज चालेल. पण पुढच्या वेळी चेन ताणताना बोल्ट पूर्ण बाहेर काढून पुन्हा लावा, साधं ग्रीस धुऊन जातं. आणि डावाही आत्ताच काढून लावून घ्या.