जुन्या, मूळ स्थितीतल्या पेट्रोल गाडीला ईसीयू रिमॅपचा फायदा होतो का?

घाटवाट:
माझ्याकडे २००८ सालची मारुती स्विफ्ट पेट्रोल आहे. इंजिन १२९८ सीसीचे असून कंपनीच्या आकड्यांनुसार ८७ बीएचपी आणि ११३ न्यूटन-मीटर टॉर्क देते. गाडीत आजवर कोणताही बदल केलेला नाही. एअर फिल्टर, सायलेन्सर, टायर, सर्व काही मूळ पद्धतीचेच आहे. वाईहून पसरणी घाट चढताना, विशेषतः चार माणसे आणि सामान असताना, गाडी पूर्वीसारखी ओढत नाही असे जाणवते. एका गॅरेजमध्ये मला ईसीयू रिमॅप, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, सुचवण्यात आला. खर्च पंधरा ते वीस हजार सांगितला असून पिकअप आणि मायलेज दोन्ही वाढेल, असे आश्वासन आहे. त्यांच्या अनेक ग्राहकांना मोठा फरक जाणवला असेही ते म्हणतात. इंजिनात अन्य काही न बदलता केवळ रिमॅप करणे इतक्या जुन्या गाडीसाठी योग्य ठरेल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

स्पार्कप्लग:
तुमच्या गाडीपुरते उत्तर द्यायचे तर, फायदा होईल पण तो घाटात जाणवेल इतका नसेल. त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगतो.

इंजिनाचे फेरे आणि त्यावरचा भार पाहून किती इंधन सोडायचे आणि ठिणगी किती अंश आधी टाकायची, याचे तक्ते ईसीयूमध्ये साठवलेले असतात. रिमॅप करणारा हे तक्ते बदलतो. मात्र टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेल्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला सिलिंडरमध्ये किती हवा शिरणार, हे व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, इनटेक मॅनिफोल्ड आणि एक्झॉस्ट यांच्या घडणीवर ठरते आणि यांपैकी एकही गोष्ट सॉफ्टवेअरने बदलत नाही. हवा तेवढीच राहिली की जाळता येणारे इंधनही जवळजवळ तेवढेच राहते. कमाल ताकदीसाठी हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण साधारण साडेबारा ते तेरास एक असावे लागते, आणि पूर्ण अॅक्सिलरेटर दाबल्यावर कंपनीचा तक्ता मिश्रण आधीच त्या बाजूला नेतो. म्हणजे इंधनाच्या बाजूने मिळवण्यासारखे फारसे शिल्लक नसते. उरतो तो ठिणगीचा वेळ. निकृष्ट पेट्रोल, मे महिन्यातला उन्हाळा आणि भरलेली गाडी या सर्वांना पुरेल अशा बेताने कंपनी तिथे थोडी सुरक्षित जागा राखून ठेवते. रिमॅपमध्ये नेमकी हीच जागा वापरली जाते, आणि ती ज्या परिस्थितीसाठी राखली होती तीच, म्हणजे उष्ण हवेत, खालच्या फेऱ्यांवर, भरल्या गाडीने चढण, तुम्हाला घाटात भेटते. तिथे नॉकिंग (मिश्रण अवेळी स्फोटासारखे पेटणे) सुरू झाले तर पिस्टनचे नुकसान होऊ शकते.

कसबी माणसाच्या हातून तीन ते पाच टक्के वाढ मिळाली तरी ती तीन-चार बीएचपी होते. याच्या शेजारी एक दुसरा आकडा ठेवून पाहा. पाचगणी-महाबळेश्वरचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर उंच आहे आणि त्या उंचीवर हवेची घनता सुमारे बारा टक्क्यांनी कमी असते. टर्बो नसलेले इंजिन घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत दहाएक बीएचपी गमावून बसलेले असते. ईसीयू हवेचा दाब मोजून इंधन त्या प्रमाणात कमी करतो, त्यामुळे मिश्रण बिघडत नाही, पण नसलेली हवा तो आणू शकत नाही.

आणखी एक मुद्दा असा की तुम्ही ‘पूर्वीसारखी ओढत नाही’ असे लिहिले आहे. तक्ते तर पहिल्या दिवसापासून तेच आहेत, त्यामुळे बिघडले आहे ते दुसरेच काहीतरी. प्रथम कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडर दाब नीट धरतात का याची तपासणी, करून घ्या. त्यानंतर स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, थ्रॉटल बॉडीत साचलेली काजळी, गाडीतल्या इंधन पंपाचा दाब, ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा एक्झॉस्टमधला भाग) चोंदला आहे का, हे पाहावे. क्लच प्लेट घसरत असेल तर इंजिनाचे फेरे वाढतात पण गाडी त्या प्रमाणात पुढे सरकत नाही, आणि चालकाला वाटते की इंजिनच थकले. या सगळ्याचा खर्च बहुधा रिमॅपच्या आत बसेल.

डिझेलवाला:
वरील विवेचन पेट्रोलपुरते मान्य आहे, पण गॅरेजवाले सरसकट थापा मारतात असा अर्थ कोणी काढू नये. याच स्विफ्टच्या डिझेल आवृत्तीत १२४८ सीसीचे फियाटचे मल्टिजेट इंजिन होते, ७५ बीएचपी आणि १९० न्यूटन-मीटरचे. टर्बो असल्यामुळे तिथे हवेचा दाबच सॉफ्टवेअरने वाढवता येतो, त्याबरोबर इंधनही वाढवता येते, आणि वीस टक्क्यांच्या आसपास वाढ मिळणे ही नवलाची गोष्ट नाही. तुम्हाला ज्या समाधानी ग्राहकांचे दाखले दिले गेले, ते बहुतांशी टर्बो डिझेलचे मालक असावेत असा माझा तर्क आहे, विचारून पाहा. अर्थात डिझेलमध्येही जुना टर्बो आणि जुना क्लच हा वाढीव टॉर्क किती काळ सोसतील हा प्रश्न राहतोच, आणि धूर वाढला तर पीयूसीलाही अडचण येते.

पेट्रोल गाडीत रिमॅप खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो कॅमशाफ्ट, एक्झॉस्ट किंवा कॉम्प्रेशन बदलल्यानंतर, कारण तेव्हा कंपनीचे तक्ते त्या इंजिनाला लागू राहत नाहीत. तुमची गाडी मूळ स्थितीत आहे, म्हणजे ते तक्ते तिच्यासाठीच तयार झालेले आहेत.

सावधपणे:
दोनच गोष्टी जोडतो. ओबीडीच्या (गाडीतले दोष तपासण्यासाठी दिलेल्या जोडणीच्या) सॉकेटमध्ये खोचायच्या ज्या स्वस्त डब्या ऑनलाइन मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांतल्या काही उघडून पाहिल्यावर आत लुकलुकणाऱ्या दिव्यांपलीकडे काहीच नव्हते. दुसऱ्या काही उपकरणांत इनटेकच्या तापमान सेन्सरच्या तारेत एक रेझिस्टर बसवलेला असतो. हवा थंड आहे असा ईसीयूचा समज होतो आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. मायलेज वाढण्याचे तिथे काही कारणच नाही. दुसरे म्हणजे, गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवला नसेल तर दाव्याच्या वेळी तो वादाचा मुद्दा होऊ शकतो.

घाटवाट:
सर्वांचे आभार. कॉम्प्रेशन टेस्ट या आठवड्यात करून घेतो. एक उपप्रश्न आहे. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचेच पेट्रोल मिळते. निदान त्यासाठी तरी रिमॅप आवश्यक आहे का?

स्पार्कप्लग:
प्रश्न रास्त आहे. इथेनॉलमध्ये दर लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, म्हणून वीस टक्के मिश्रणात ती साधारण सहा ते सात टक्क्यांनी घटते. मायलेज थोडे कमी होणे यातच आले आणि रिमॅपने ते परत मिळणार नाही. नेहमीच्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू इंधनाची मात्रा आपणहून वाढवतो. पूर्ण अॅक्सिलरेटरवर मात्र तो सेन्सरकडे पाहत नाही, आणि एरवी शिकलेली दुरुस्ती तिथे लागू होईलच असे नाही, त्यामुळे मिश्रण किंचित पातळ (हवेच्या मानाने इंधन कमी) राहू शकते. रिमॅपची काही तात्त्विक बाजू असेल तर ती इथे आहे.

पण त्याआधी कंपनीच्या स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधनात करत असलेली टक्केवारीतली दुरुस्ती, वाचून घ्या. ओबीडी-२ आपल्याकडे २०१३ पासून आले, त्यामुळे बाजारातला साधा स्कॅनर तुमच्या गाडीला बहुधा जुळणार नाही. इंधन वाढवण्याच्या बाजूची दुरुस्ती दहा टक्क्यांच्या आत असेल तर ईसीयू आपले काम करत आहे. ती बरीच वर गेली असेल तर इंजेक्टर तुंबले आहेत किंवा इनटेकमध्ये कुठून तरी हवा गळते आहे, असे समजून शोध घ्यावा. त्याच वेळी पेट्रोलच्या रबरी नळ्याही पाहून घ्या. २००८ च्या गाडीतल्या नळ्या एवढे इथेनॉल गृहीत धरून बनवलेल्या नाहीत, आणि त्यांना भेगा पडल्या असतील तर त्या आधी बदला.